डॉग शोत तोच जज पुन्हा आला तर एन्ट्री भरायची का? अनुभव सांगा

पुणे, लॅब्रेडॉर

माझी कस्तुरी काळी लॅब्रेडॉर आहे, मार्चमध्ये चार वर्षांची होईल. दोन वेगवेगळ्या जजकडून तिला दोन सीसी (चॅलेंज सर्टिफिकेट, चॅम्पियन किताबासाठी लागणारं प्रमाणपत्र) मिळाले आहेत. ऑक्टोबरात एका जजने तिला ओपन क्लासमध्ये चौघींत तिसरी ठेवली. डिसेंबरात दुसऱ्या शहरात तेच जज होते, आणि या वेळी ती पाचांत शेवटची आली. त्यांनी तिच्या कमरेवर दोन्ही हात ठेवून दाबून पाहिलं, मान हलवली आणि स्टुअर्डकडे, म्हणजे रिंगमधल्या मदतनिसाकडे, वळून काहीतरी बोलले. त्यातलं 'हलकी आहे' एवढंच माझ्या कानावर आलं.

कस्तुरी २७ किलोची आहे. आठवड्यातून चार दिवस पोहते. जातीच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे कुत्रं कसं असावं याच्या लेखी वर्णनात, छाती, कंबर रुंद आणि भक्कम हवी असं लिहिलंय हे मला मान्य आहे. पण कुत्रं अतिशय चपळ हवं, जादा वजन त्यात बसत नाही, हेही त्याच स्टँडर्डमध्ये आहे. रिंगमध्ये वजनदार लॅब जिंकताना पाहते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

आता जानेवारीत एकाच मैदानावर दोन शो आहेत. शनिवारी दुसरे जज, रविवारी तेच. एन्ट्री आठ दिवसांत बंद होईल. रविवारची भरू की नको, ठरत नाही. नवरा म्हणतो, एवढं लांब जातोयच तर दोन्ही दिवस उतरू. माझं मन म्हणतं, तिला तिसऱ्यांदा त्यांच्यासमोर उभं करू नये. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत आणि पुढे काय झालं, ते कृपया लिहा.

कोल्हापूर, जर्मन शेफर्ड

ताई, मी वीस वर्षं शेफर्ड दाखवतोय. आमच्या स्पेशालिटी शोत, म्हणजे एकाच जातीच्या शोत, जज नुसते नंबर देऊन मोकळा होत नाही. कुत्री रिंगभोवती फिरत असतात, तो मध्ये उभा राहून याला पुढे घे, त्याला मागे घे असं करत जातो आणि शेवटी एकेका कुत्र्याबद्दल माइकवर बोलतो. सगळ्या मैदानाला ऐकू जातं, बरंही आणि वाईटही.

माझा नर वीस महिन्यांचा होता, म्हणजे अठरा ते चोवीसच्या क्लासमध्ये. दोन वर्षांच्या आत कुत्रं कितीही देखणं असलं तरी एसजीच्या, म्हणजे 'खूप चांगला'च्या, वर रेटिंग मिळत नाही. मला पहिल्या तिघांत येण्याची खात्री होती. आला नववा. माइकवर जज म्हणाला, उंची बरोबर, डोकं नराचं, रंग खोल. पण मागून रेटा कमी पडतो, त्यामुळे पुढचं पाऊल आखूड पडतं. चारचौघांत ऐकलं आणि कान तापले. घरी येईस्तोवर गाडीत मी कुणाशी शब्द बोललो नाही.

पुतण्याने व्हिडिओ काढला होता. आठ दिवस मी तो उघडलाच नाही. उघडला तेव्हा चौथ्या फेरीपासून स्वच्छ दिसत होतं, कुत्रा मागचे पाय ओढत होता. पहिल्या तीन फेऱ्या राजासारखा, मग दम संपला. घरासमोर उभा करून मी त्याला रोज बघायचो, पण इतका वेळ पळताना कधी बघितलाच नव्हता.

मग रोज सकाळी सहाला शेताच्या रस्त्याने सायकलीला जोडून दुडकी चाल सुरू केली. डांबरावर नाही, मातीवर. पहिल्या महिन्यात दोन किलोमीटर, मग थोडं थोडं वाढवत आठपर्यंत. दर दोन दिवसांनी पंजे उलटून बघायचो, कुठे चिरलेत का. चौदा महिन्यांनी तोच जज पुन्हा आला. मी एन्ट्री भरली. नर तोवर मोठ्यांच्या क्लासमध्ये गेला होता. व्ही, म्हणजे 'उत्कृष्ट', रेटिंग आणि चौथा नंबर. त्या दिवशी माइकवर मागच्या रेट्याबद्दल जे बोलला, ते पुतण्याच्या फोनवर अजून आहे.

पण दरवेळी असं होत नाही. दुसऱ्या एका जजकडे मी दोनदा गेलो. त्याने एकदा उंच, हलक्या हाडाचा नर पहिला घातला, तर दुसऱ्यांदा बुटका, जड. दोन्ही दिवस कॅटलॉगमध्ये सगळे नंबर लिहून घेतले होते. रात्री जुळवून बघितले, त्याला काय आवडतं याचा मेळ बसेना. तिसऱ्यांदा गेलो नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

तुमचं कुत्रं ज्या क्लासमध्ये नाही, ते क्लास बघा. आपलं कुत्रं रिंगमध्ये असलं की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही.

गोवा, बीगल

मी सरळ खर्च मांडतो. एन्ट्री, पेट्रोल, कुत्रं ठेवू देणारी खोली, दोन दिवसांची सुट्टी. ज्या जजकडे मला आशा नाही त्याच्यासाठी हे पैसे घालत नाही, ते पुढच्या शोसाठी ठेवतो. पण तुम्ही शनिवारी तिथे असणारच आहात. मग प्रश्न फक्त एका एन्ट्रीचा उरतो.

लेस्टर, इंग्लंड, व्हिपेट

आम्ही इकडे येऊन अकरा वर्षं झाली. इथे चॅम्पियन होण्यासाठी तीन सीसी लागतात, तीन वेगवेगळ्या जजकडून, आणि त्यातलं किमान एक कुत्रं वर्षाचं झाल्यानंतर मिळालेलं हवं. त्यामुळे इथली माणसं तुमच्याहून उलटा विचार करतात. ज्या जजने आपल्याला एकदा सीसी दिलं, त्याच्याकडे परत जावं का? त्याने दुसऱ्यांदा दिलं तरी किताबासाठी ते नवीन जजचं धरत नाहीत. माझ्या मैत्रिणीने याच कारणाने तिच्यावर खूश असलेल्या एका जजकडे दोन वर्षं कुत्रा नेला नाही.

मला नापसंत करणारा जज एकच भेटला. इथे वर आलेल्या कुत्र्यांबद्दल जज लिहितात आणि ते छापून येतं. माझी व्हिपेट कुठेच आली नव्हती, म्हणून तिच्याबद्दल एक ओळही नव्हती. पण वर आलेल्या तिघींबद्दल लिहिलेलं मी पाच-सहा वेळा वाचलं. तिन्हींमध्ये पाठीची कमान आणि मागच्या गुडघ्याचं वळण यांचाच उल्लेख. माझीची पाठ सपाट आहे. ती तशीच राहणार. मी त्या जजकडे परत नेली नाही, पण रागही उरला नाही.

लातूर, कारवान

आमचं दुखणं जरा निराळं आहे. आमच्याकडे याला कारवान म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. वडिलांनी ते तिकीट अजून पाकिटात जपून ठेवलंय.

तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शोत बाहेरदेशचा जज होता. आमच्या कुत्र्याला मालकाशिवाय कुणी हात लावलेला आवडत नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. तो समोरून थेट वाकला, तोंडाकडे हात नेला, कुत्रं मागे सरलं. त्याने लगेच स्वभाव कच्चा आहे अशी खूण केली आणि आम्हाला बाजूला काढलं. माझा धाकटा भाऊ रिंगमधून बाहेर आला तो डोळे पुसतच.

आम्ही ठरवलं, बाहेरचा जज असला की जायचं नाही. पुढच्या वर्षी नाही गेलो. नंतर कॅटलॉग हातात पडला तर आमच्या जातीचं एक पान, त्यावर दोन नावं, त्यातलं एक गैरहजर. एवढ्या मैदानात कारवान एकच उभा. ते बघून वडील म्हणाले, आपण घरी बसलो तर या लोकांना आपलं कुत्रं कसं असतं ते कोण दाखवणार?

त्यानंतर जातो. पण तयारी करून जातो. गावातल्या दहा-बारा माणसांनी कुत्र्याजवळ बाजूने यायचं, आधी हात हुंगू द्यायचा, मग पाठीवरून हात फिरवायचा, असं सहा महिने केलं. रिंगमध्ये जज जवळ आला की मी नम्रपणे सांगतो, साहेब, बाजूने या. बहुतेक जण ऐकतात. तो जुना जज परत आला तरी मी एन्ट्री भरणार. त्याला आमची पुरती ओळख झालेली नाही.

न्यू जर्सी, शेल्टी

अमेरिकेत चॅम्पियन व्हायला पंधरा गुण लागतात. त्यात दोन 'मेजर' हवेत, म्हणजे एकाच शोत तीन ते पाच गुण, तेही वेगवेगळ्या जजकडून. शिवाय तिसऱ्या एखाद्या जजकडून किमान एक गुण. किती गुण मिळणार हे त्या दिवशी त्या जातीची किती कुत्री प्रत्यक्ष रिंगमध्ये उतरली त्यावर ठरतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या शेल्टीला कधीच पसंत न करणारी एक जज होती. एन्ट्री भरल्यावर मला जाणवलं की उगाच भरली. जाऊ नये असं ठरवून झोपलो. सकाळी एका आजींचा फोन आला. त्यांच्या कुत्रीला शेवटचा मेजर हवा होता, आणि फीमेल्सच्या एन्ट्र्या मेजरपुरत्या अगदी काठोकाठ होत्या. मी नाही गेलो असतो तर मेजर मोडला असता. सगळ्यांचाच.

दीड तास गाडी चालवून गेलो. हरणार हे माहीत असताना कुत्रीला नीट विंचरलं, नीट उभी केली, पूर्ण मनापासून चालवली. आजींची कुत्री जिंकली नाही, तिसऱ्याच कुणाची जिंकली. पण पुढच्या उन्हाळ्यात माझ्या कुत्रीला मेजर लागत होता, तेव्हा त्या आजी गुडघ्याला पट्टा बांधून त्यांची म्हातारी शेल्टी घेऊन उतरल्या होत्या. तेव्हापासून, भरलेली एन्ट्री मी जज बघून सोडत नाही. विचार करायचा तो भरायच्या आधी.

नाशिक, कॉकर स्पॅनियल

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. आमची कॉकर तीच दाखवायची. एका जजने भर रिंगमध्ये तिच्या हातून पट्टा घेतला, कुत्री स्वतः उभी केली आणि तिला म्हणाले, तुला जमत नसेल तर मोठ्या माणसाला पाठव. स्टुअर्ड खाली बघत उभा राहिला. तिने पट्टा परत घेतला, फेरी पूर्ण केली, आणि गाडीत बसल्यावर रडली.

मी शो सेक्रेटरींकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी समजावलं की कुत्र्याला कितवा नंबर द्यायचा हा जजचा अधिकार, त्यावर तक्रार चालत नाही. वागणुकीबद्दल ते बोलतील. बोलले की नाही, मला कळलं नाही.

त्या जजकडे आम्ही पुन्हा गेलो नाही आणि जाणारही नाही. इथे काही जण म्हणतात की जजला आणखी एक संधी द्यावी. कुत्र्याच्या मतभेदात जरूर द्या. माणसाशी वाईट वागणाऱ्याला माझ्याकडून दुसरी एन्ट्री फी मिळणार नाही. मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, अजून दाखवते.

ठाणे, डॉबरमन

मी फक्त कुत्र्याबद्दल लिहितो. बाइट, म्हणजे दातांची ठेवण, बघताना जजने माझ्या डॉबरमनचा ओठ जोरात ओढला. नऊ महिन्यांचं पिल्लू होतं ते. त्यानंतर टोपी घातलेला कुणीही पुरुष समोर आला की तो पोट आत ओढून मागे सरकायचा. सोसायटीचे वॉचमन काका रोज टोपी घालून त्याचे दात बघायचे आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचे. पाच महिने. तोवर कुठलीच एन्ट्री नाही, कुठल्याच जजकडे. ताई, तुमच्या कस्तुरीने त्यांच्या हाताखाली शेपूट कशी ठेवली होती, ते आठवून बघा.

पुणे, लॅब्रेडॉर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, शो होऊन गेला.

ठाण्याच्या दादांचा प्रश्न वाचून दोन्ही वेळचे व्हिडिओ काढले. शेपूट हलत होती, दोन्ही वेळा. तिला त्यांचं काही वाटलेलं नाही. आखडलेली मीच होते. डिसेंबरच्या व्हिडिओत मी पट्टा इतका वर ताणलाय की तिची मान आत गेलीय आणि पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेत.

शनिवारची एन्ट्री भरली, रविवारची नाही. शनिवारी रिझर्व सीसी मिळालं, म्हणजे सीसीच्या खालोखालचं. रविवारी कस्तुरीला नवऱ्याजवळ झाडाखाली ठेवलं आणि कोल्हापूरच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे कॅटलॉग आणि पेन्सिल घेऊन रिंगशेजारी बसले. पपीपासून ओपनपर्यंत लॅबचे सगळे क्लास बघितले.

ओपन फीमेलमध्ये त्यांनी पहिली ठेवली ती सडपातळ होती. कस्तुरीपेक्षाही थोडी हलकीच असेल. मी दोन महिने मनात धरून बसले होते की त्यांना जाड लॅब हवी असते. तसं नव्हतं. तिला दाखवणारी मुलगी तिला सैल पट्ट्यावर चालवत होती, आणि कुत्रीचं पुढचं पाऊल नाकाच्या पुढे जाऊन पडत होतं.

जजमेंट संपल्यावर, ते पाणी पीत होते तेव्हा, मी जाऊन विचारलं. त्यांना कस्तुरी आठवत होती. म्हणाले, कंबर ठीक आहे, खांदा उभा आहे, आणि तुम्ही तिला वर खेचता त्यामुळे तो जास्तच उभा दिसतो. मग 'हलकी' काय होतं, ते विचारायचं माझ्या मनातच राहिलं.

खांदा तर बदलणार नाही. पट्टा सैल सोडायचा सराव सोमवारपासून सुरू केलाय, सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर, सकाळी पावणेसहाला. फेब्रुवारीच्या शोचे जज अजून जाहीर झालेले नाहीत.