वाकडा मॉनिटर घेतलेल्यांनो, या इकडं

पूर्वभागवाला

परवा माळा आवरताना नानांच्या ग्राफची गुंडाळी सापडली. आमचे नाना चादरीची डिझाईनं काढायचे. ग्राफ पेपर एकाला एक चिकटवून पलंगाएवढा करायचे, जमिनीवर अंथरायचे आणि पालथं पडून एकेक घर लाल-निळ्या पेन्सिलीनं भरायचे. मग त्यावरून कार्डाला भोकं पाडायची, आडव्या एका धाग्याला एक कार्ड, म्हणजे एका मोरासाठी कार्डांची ही एवढी माळ जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढायची. आम्हा पोरांना त्या कागदाच्या आसपास फिरकायची बंदी. मी चौथीत असताना एकदा चहा सांडला होता, गुपचूप घडी घालून ठेवलं, कुणाला कळलं नाही. डाग अजून आहे, मोराच्या मानेवर.

आता हे इथं का सांगायलोय तर मी पण तेच काम करतो, कॉम्प्युटरवर. दोन वर्षं झाली ३४ इंची वाकडा अल्ट्रावाईड, म्हणजे जास्तीचा रुंद मॉनिटर घेऊन, ३४४० बाय १४४० ठिपक्यांचा. आधी २२ इंची होता, त्याच्यावर चादर बघायची म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघितल्यासारखं, घोडा दिसला तर नवरा दिसत नाही. आता या काठापासून त्या काठापर्यंत एका नजरेत.

पण पहिले आठ दिवस लई वाईट गेले. काठाच्या सरळ रेघा मला वाकलेल्या दिसायच्या. वाटलं फसलो. नानांना बोलावलं. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन स्टीलची फूटपट्टी घेऊन आले आणि स्क्रीनला आडवी लावली. मधे पेन्सिल जाईल एवढी फट. "रेघ सरळाय, काच वाकडी हाय" म्हणले आणि जेवायला गेले. त्यानंतर मला कधी वाकडं दिसलं नाही, का ते माहीत नाही.

तुमचं कसं चाललंय? काम, गेम, घरच्यांची बोलणी, काय पण टाका.

आकडेमोड

माझ्याकडं पण ३४ च. डावीकडं जीएसटीचं २बी स्टेटमेंट, उजवीकडं पर्चेस रजिस्टर, मधे व्हॉट्सॲपवर क्लायंट "सर झालं का" विचारणारा. मॅच करताना आधी खिडक्या बदलून बदलून मनगट जायचं ते थांबलं, हे शंभर टक्के खरं.

दुःख वेगळंय. ३२ इंचाच्या वरच्या मॉनिटरला २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. मी ऑगस्टमधे घेतला. लोकांना सल्ला देऊन पोट भरणारा माणूस मी. बायको अजून ओळखीच्यांना सांगते.

काय_बे_सोलापूर

सर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलं असणार की तुम्ही, रडायलाय कशाला

आकडेमोड

घेतलं. पण बायकोला ते समजावून सांगायला गेलो तर ती म्हणली मग मला पण दे क्रेडिट.

जुळे सोलापूर

मी लॉकडाऊनमधे पुण्याहून आलो तो इकडंच आहे, कंपनीला अजून आठवण झालेली नाही, देव करो न होवो. मॉनिटर मात्र पुण्यातून आणला, हुतात्मा एक्सप्रेसनं. तो खोका वरच्या फळीवर बसत नाही आणि सीटखाली जात नाही, मग मी सीटवर आणि खोका मांडीवर, पुढचं काही दिसत नाही, शेजारचे काका विचारतात टीव्ही किती इंची, मी म्हणलं टीव्ही नाही ओ मॉनिटर, ते म्हणले तेच ते. दौंडला एक, कुर्डुवाडीला दोन, असे सगळ्यांना उत्तर देत आलो. उतरेपर्यंत अख्ख्या डब्याला माहीत होतं.

घरी आल्यावर लावला तर माउस चिकट चिकट चालायचा. दोन महिने मी समजत होतो की लॅपटॉप गरीब आहे. मग एका मित्रानं सेटिंग उघडून दाखवलं, मॉनिटर ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळाच चित्र बदलत, चालला होता. कंपनीच्या लॅपटॉपचा एचडीएमआय जुना, १.४ वाला, एवढ्या रेझोल्यूशनला तो ५० च्या वर जात नाही. टाईप सी वरून डिस्प्लेपोर्टला जाणारी केबल घेतली आणि १०० झाला. नवीन कुणी घ्यायलं असेल तर आधी पोर्ट बघा मग मॉनिटर बघा.

दुसरी गोष्ट, मीटिंगमधे पूर्ण स्क्रीन शेअर करू नका. समोरच्याला पट्टी दिसते, अक्षरं मुंगीएवढी. मॅनेजर म्हणाला "आर यू शेअरिंग अ रुलर?" तेव्हापासून एकच विंडो शेअर करतो. आणि विंडोजसाठीच्या पॉवरटॉईज सॉफ्टवेअरमधलं फॅन्सीझोन्स टाका, फुकट आहे, स्क्रीनचे तीन भाग करून ठेवायचे.

शेंगाचटणी

पाणी आलं. नंतर लिहिते.

रात्रीचा_खेळाडू

भावांनो मी फक्त गेमसाठी घेतला, खोटं कशाला बोलू. घरी सांगितलं प्रोजेक्टसाठी. आणि नशीब बघा, मी सगळ्यात जास्त खेळतो व्हॅलोरंट आणि तो गेम १६:९, म्हणजे साध्या टीव्हीच्या आकाराच्या, बाहेर काही जास्तीचं दाखवतच नाही, दोन्हीकडं काळ्या पट्ट्या. म्हणजे सगळ्यांना सारखंच दिसावं म्हणून. बरोबर आहे त्यांचं पण माझे पैसे?? मग एल्डन रिंग टाकला, त्यात पण पट्ट्या. पप्पा मागं उभे होते, म्हणले "एवढा मोठा घेतला आणि कोपऱ्यात खेळतो व्हय."

एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी एडिशन मात्र बघायला पाहिजे. अर्धा मॅप एकदम दिसतोय, लाकूडतोडे एका टोकाला नि लढाई दुसऱ्या टोकाला. पप्पा आता तो खेळतात. मला नंबर लागत नाही.

लाल_डबा_निवृत्त

पोरानं लावून दिलंय म्हणून लिहितो. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. नातवाकडं तो वाकडा टीव्ही आहे, त्यावर ट्रकचा गेम, युरो ट्रक का काय. मला बसवलं. खरं सांगतो, काचेचा आकार डिट्टो गाडीच्या पुढच्या काचेसारखा. दोन्ही आरसे दिसतात मान न वळवता. साध्या टीव्हीवर एकच दिसायचा असं नातू म्हणतो. पण स्टेअरिंग डावीकडं! पहिल्या वळणाला मी सवयीनं डाव्या अंगाला धरली आणि समोरून ट्रक. नातू म्हणतो आजोबा तिकडं उजवीकडून चालवतात. म्हणलं मग मला कशाला बसवलंस. नंतर इंग्लंडमधला भाग लावून दिला, तिथं आपल्यासारखं आहे. दोन तास एकही ओव्हरटेक न करता माल पोचवला. नातवाला झोप लागली.

काय_बे_सोलापूर

काका दंडवत. टेंभुर्णीला चहाला थांबवली का नाही गाडी?

लाल_डबा_निवृत्त

गेममधे पण झोपायला थांबावं लागतं. नियम आहे. आपल्याकडं हा नियम नुसता कागदावर.

होम_मैदान

मी लग्नाचे आणि कार्यक्रमाचे व्हिडिओ एडिट करतो. टाईमलाईन लांबच्या लांब पसरते तेवढ्यासाठी या मॉनिटरचे पाय धरावेत. अर्ध्या तासाचं हळदीचं फुटेज झूम न करता डोळ्यापुढं. पण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी रडू येतं. मिरवणुकीत सात नंदीध्वज, आणि नंदीध्वज म्हणजे उंचच्या उंच, लोकांनी मोबाईलवर काढलेले उभे व्हिडिओ आणून देतात, ते या रुंद स्क्रीनवर मधे एक चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूला नुसतं मैदान. शेवटी जुना २४ इंची काढला आणि शेजारी उभा करून लावला. आता जानेवारीत उभा, बाकी वर्षभर आडवा.

शोभेच्या दारूकामाचं फुटेज बघताना अजून एक लक्षात आलं. काळ्या आकाशावर कॅमेरा हलला की कडांना धुरकट शेपटी दिसते. ते फुटेजमधे नसतं, मॉनिटरमधे असतं. माझा व्हीए पॅनल (स्क्रीनचा एक प्रकार) आहे, काळा रंग एक नंबर गडद देतो पण काळ्यातून बाहेर यायला आळस करतो. एका क्लायंटला मी सांगून बसलो होतो की तुमचा कॅमेरा खराब आहे.

नवी_पेठ_३४

एक बेसिक प्रश्न विचारतो हसू नका. १०००आर आणि १८००आर यातला जास्त वाकडा कुठला? दुकानदार म्हणला १८०० भारी कारण आकडा मोठा.

जुळे सोलापूर

उलटं आहे. ते मिलिमीटरमधे त्रिज्या आहे. एक मीटरच्या दोरीनं गोल काढला तर त्याची कड जेवढी वाकेल तेवढा १०००आर. दोरी मोठी की गोल मोठा, कड सपाट. कामाला १५००-१८०० बरा, हजारवाला एकट्यानं खेळायला. शेजारी बसून बघणाऱ्याला त्याच्यात बाजूनं काहीच्या काही दिसतं.

नवी_पेठ_३४

दुकान बदलतो

मानदुखी

लोक ३४ चं बोलायलेत म्हणून माझं पण ऐका, मी ४९ घेतला होता. ५१२० बाय १४४०, म्हणजे दोन २७ इंची शेजारी ठेवल्यासारखा, मधली पट्टी नाही एवढंच. हौस. खोली दहा बाय दहा, त्यात कपाट, कूलर, आणि हा. त्याचं स्टँड लई जागा खातं म्हणून मॉनिटर धरायचा आर्म घेतला आणि टेबलाला कसला. टेबल प्लायचं नव्हतं, भुशाच्या बोर्डाचं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. रात्री दोनला आवाज आला. आई उठली, म्हणली मांजर. मांजर नव्हतं. मॉनिटर पुढं वाकून टेबलाला नमस्कार करत होता, क्लॅम्प बोर्डात घुसलेला. मॉनिटर वाचला, माझा विश्वास नाही.

मग सुताराकडून सागाची फळी बसवून घेतली, अडीच फूट खोल. अंतर पाहिजेच, जवळ बसलं तर कोपरे बघायला टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान हलवायला लागते. सहा महिन्यांत मान धरली. डॉक्टरनं विचारलं काय काम करता, म्हणलं डावीकडं मेल आणि उजवीकडं कोड. ते म्हणले मग मधे आणा की. एवढं सोपं होतं. आता मुख्य काम मधे, कडेला फक्त गाणी आणि तापमान बघायचं. मे महिन्यात तापमान बघून पण काय करणार म्हणा, ४३ च्या खाली येत नाही, आणि गेम लावला की सीपीयू मागून भट्टी.

शेंगाचटणी

आले. टाकी, पिंप, बादल्या, पातेली सगळं भरलं. आता चार दिवस बघायला नको.

आमच्याकडं यांनी घेतलाय. माझा अनुभव पुसण्याचा. यांनी एकदा काच पुसायचं निळं पाणी मारलं, वरचा थर डागाळला, एका कोपऱ्यात कायमचा ढग. आता मी कुणाला हात लावू देत नाही, चष्म्याचं मऊ फडकं, कोरडं, मशीन बंद करून. आणि सासूबाईंना त्यावर सिरीयल लावून दिली तर म्हणल्या दोन्ही बाजूला काळं का, बायका कापल्यात का यांनी. यांनी ताणून फुल केलं. सगळ्या सुना जाड झाल्या. सासूबाईंना तेच आवडलं, म्हणल्या आता खात्यापित्या घरच्या दिसायल्या.

रात्रीचा_खेळाडू

ताई मेलो हसून

आकडेमोड

सिनेमा मात्र भारी दिसतो. थेटरसारखा रुंद शूट केलेला असेल तर पट्ट्या जवळजवळ नाहीतच. काही ॲपवर मात्र चारी बाजूनं काळं येतं, मधे पोस्टाच्या पाकिटाएवढा सिनेमा.

होम_मैदान

@पूर्वभागवाला तो मोराचा ग्राफ टाका की ओ इथं. आमच्या आजीकडं मोराची चादर होती, तीच असायची एखादवेळेस.

पूर्वभागवाला

टाकायला गेलो आणि घोळ झाला. स्कॅनरवर बसत नाही, म्हणून मोबाईलनं बारा फोटो काढले, रात्री जोडत बसलो. पूर्ण मोर पहिल्यांदा या स्क्रीनवर लावला. नानांना बोलावलं, म्हणलं बघा तुमचा मोर. चष्मा लावून खुर्ची ओढून बसले, बोटानं घरं मोजायला लागले, तेलुगूत पुटपुटत. दहा मिनिटं. मग बोट मानेपाशी थांबलं. "इथं हा तपकिरी रंग मी दिला नव्हता." एवढ्या मोठ्या स्क्रीनवर डाग केवढा दिसायला पाहिजे. कपाच्या बुडाचा गोल पण दिसत होता.

तीस वर्षांनी शिव्या खाल्ल्या. आई आतून म्हणली मला माहीत होतं.

काय_बे_सोलापूर

डागासकट विणा मग चादर, चहामोर नाव द्या

पूर्वभागवाला

नाना तेच म्हणायलेत, पण रागानं.

नवी_पेठ_३४

ते अडीच फूट खोल टेबल कुठल्या सुताराकडं केलं सांगा की, आणि सागाची फळी केवढ्याला पडली. आणि खोका ठेवायचा का टाकायचा?

मानदुखी

वॉरंटी संपेपर्यंत ठेवायचा. माझ्या खोक्यात आता खरंच मांजर राहतं, तीन पिल्लं. फळीचं मेसेजमधे सांगतो.

शेंगाचटणी

एक पिल्लू द्याल का? आमच्या टेरेसवर उंदीर झालेत.