कूलरच्या खिडकीची काच: डाग जात नाहीत, बाकीच्या काचांवर फराटे

निंबाची_सावली:
नमस्कार. आम्ही मनीषनगरला राहतो, पाणी बोअरचं. दिवाळीच्या साफसफाईसाठी हॉलच्या खिडकीतला कूलर काढला, तर बाजूच्या काचेवर पांढरे ठिपके अन् ओघळ. साबण झाला, बाजारातला निळा स्प्रे अख्खा संपला. ओली असेपर्यंत काच चकाचक, वाळली की जैसे थे. बाकीच्या खिडक्यांवर डाग नाहीत, पण संध्याकाळचं ऊन आलं की सगळे फराटे दिसतात. सासूबाई म्हणतात राखेनं घास. घासू का?

संत्रानगरी:
पेपरनं पुसा. आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच चालू आहे.

काचवाले_भाऊ:
ताई, मी अॅल्युमिनियम सेक्शन (खिडक्यांच्या चौकटी) अन् काचेचंच काम करतो. पेपरनं फराटे कमी होतील, पण कूलरचे डाग नाही जाणार.

ते डाग म्हणजे क्षार. कूलरमधलं पाणी उडून जाते, कॅल्शियम-मॅग्नेशियम टाकीतच राहते, अन् आपण वरून पुन्हा बोअरचंच पाणी ओतत राहतो. मे महिन्यापर्यंत टाकीतलं पाणी पार जड होते. त्याचे शिंतोडे 45 डिग्रीच्या उन्हात काचेवर पडले की लगेच वाळून बसतात. हे साबणानं निघत नसते, आंबटानंच निघते. किराण्यातलं पांढरं व्हिनेगर घ्या, निम्मं पाणी टाका. त्यात सुती कपडा भिजवून काचेला चिकटवून ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. मग मऊ स्पंजनं घासा. तारेची घासणी नको अन् राखही नको. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण राखेतला एक खडा काचेवर कायमची रेघ मारून जाते. खिडकीच्या पट्टीला संगमरवर असेल तर आधी त्यावर जुना टॉवेल अंथरा, व्हिनेगर संगमरवर खाते. अन् बाथरूमचं अॅसिड तर आणूच नका, सेक्शन जळून जाईल.

आता फराटे. बहुतेक घरी साबणच जास्त होते. अर्ध्या बादलीला भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब पुरे. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी करा. तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आधीच वाळते. रबराचा वायपर वरून खाली ओढा, दर वेळी रबर पुसून घ्या. शेवटचा हात बोअरच्या पाण्याचा नको. एसीच्या पाइपातून गळते ते पाणी धरून ठेवा, ते हवेतल्या वाफेचं, त्यात क्षार नसल्यात जमा. नाहीतर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर.

रामनगरचा_पाहुणा:
आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का? आम्ही बादल्या भरून ठेवतो.

काचवाले_भाऊ:
नाही नाही! पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार सगळे त्यातच असतात. फरशी पुसा, संडासात टाका, काचेला लावू नका.

आर्वीची_सून:
आणखी एक. काच आतून आडवी पुसायची अन् बाहेरून उभी. मग फराटा आडवा आहे की उभा यावरून कळते कोणती बाजू राहिली, उगाच आत-बाहेर करावं लागत नाही. आणि कपडा धुताना फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, त्याचा चिकटा काचेवर उतरतो.

निंबाची_सावली:
सगळ्यांचे आभार. व्हिनेगरनं वरचा भाग निघाला. कूलरला लागून जो कोपरा होता तिथे मात्र धुरकट दिसूनच राहिलं, हात लावला तर गुळगुळीत लागते.

काचवाले_भाऊ:
हाताला खरखरीत लागलं असतं तर आणखी दोनदा व्हिनेगर लावा म्हटलं असतं. गुळगुळीत आहे म्हणजे थर निघाला, काचच खराब झाली आहे. आता पॉलिश करा नाहीतर तेवढी काच बदला. छोटा पल्ला असेल तर बदललेली परवडते. पुढच्या मार्चमध्ये कूलर लावाल तेव्हा टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करत जा. डेंग्यूच्या डासांपायी ते करावंच लागते.