विंडोज पुसूनच लिनक्सची सुरुवात करावी का?

धागालेखक, राजारामपुरी:
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने सर्वसाधारणपणे थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हा संगणकातील सुरक्षा-घटक लागत असल्यामुळे धडधाकट संगणकही लोक भंगारात काढू लागले आहेत. माझा ४ जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप त्यांपैकीच होता; आज त्यावर लिनक्स मिंट (लिनक्स या मोफत संगणकप्रणालीचा एक प्रकार) समाधानकारक चालते. माझे मत असे, की नवशिक्याने फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि संपूर्ण डिस्क लिनक्सला द्यावी. विंडोज शेजारी ठेवले की पहिल्याच अडचणीला माणूस तिकडे परततो आणि शिकणे तिथेच थांबते.

छापखानाचालक, लक्ष्मीपुरी:
हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. आमच्याकडे अनेक वर्षांच्या लग्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड (मजकूर कोणत्याही संगणकावर सारखाच वाचता येण्याची प्रमाण पद्धत) येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत साठवलेले आहेत. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. त्यामुळे फॉन्ट नसेल तर मजकुराऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. फॉन्ट लिनक्सवर नेला तरी मजकूर फक्त दिसेल, कारण तो टंकण्याची आमची सोय विंडोजवरच चालते. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यास रफार आणि जोडाक्षरे जागा सोडतात, म्हणून ओळ न् ओळ पुन्हा तपासावी लागते. अशा माणसाने आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. त्यात डिस्कला हात लागत नाही आणि वायफाय, प्रिंटर चालतात की नाही हे कळते.

कर सल्लागार, शाहूपुरी:
छापखानाचालकांशी सहमत. माझे सगळे हिशेब टॅलीत आहेत आणि टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे.

शिक्षिका, कागल:
पेनड्राइव्हची चाचणी आवश्यक आहे, परंतु तिच्यावरून वेगाचा निवाडा करू नये. पेनड्राइव्ह डिस्कपेक्षा संथ असतो, आणि ‘लिनक्स मंद आहे’ असा ग्रह करून घेऊन माणूस तिथूनच माघारी फिरतो. केरळमधील शाळांत वर्षानुवर्षे लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर मुले शिकत आली आहेत, तेव्हा आपल्या मुलांना ते जमणार नाही असे मी मानत नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचना) कळफलक सेटिंगमधून जोडता येतो.

धागालेखक:
छापखान्याचा विचार मी केला नव्हता. सरसकट ‘पुसा’ म्हणणे चुकलेच. ज्यांचे काम ब्राउझर आणि लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये भागते, त्यांच्यापुरते माझे मत मी कायम ठेवतो. दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांनी मात्र डिस्कच्या विभाजनाला हात घालण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे आणि त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, कागदावर उतरवून घ्यावी. छापखान्यासाठी एक सुचवतो: जुन्या फाइलींचा संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवा आणि नवी कामे युनिकोडमध्ये स्क्राइबस या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर करून पाहा, ते विंडोजवरही मोफत चालतो, म्हणून आजच सुरुवात करता येईल.

छापखानाचालक, लक्ष्मीपुरी:
हे पटले. पुढच्या आठवड्यात एका हळदीकुंकवाच्या निमंत्रणाची जुळणी स्क्राइबसमध्ये करीन. जोडाक्षरे छपाईत नीट उमटली तर दुसऱ्या संगणकावर मिंट बसवीन. तोपर्यंत एकही डिस्क पुसणार नाही.