जुन्या औषधी जाहिरातींची तारीख कशी काढायची, आणि बाटलीत असायचं तरी काय?

पांझराकाठ
राम राम मंडळी. इंग्रजी अमदानीतल्या औषधी जाहिरातींचं छोटं प्रदर्शन अमळनेरला मांडायचं ठरतंय. जवळ मराठी साप्ताहिकांची सुटी पानं आहेत, हँडबिलं आहेत, रिकाम्या बाटल्या आहेत आणि काही भरलेल्याही. निम्म्याहून जास्त कागदांवर तारीख नाही. मजकूर ठरलेला: धातुपुष्टी, परमा (गोनोरिया), गरमी (सिफिलिस), हिवताप, प्लेग, गुण न आल्यास दाम परत, पुस्तक फुकट, माल व्ही.पी.ने. तारखेचा अंदाज कशावरून बांधायचा? या औषधांत खरोखर काय असायचं? भरलेल्या बाटल्या तशाच मांडल्या तर चालतील का? फलकावर नुसतं 'सगळी भोंदूगिरी' लिहून मोकळं व्हायचं नाहीये.

गिरणा_टपाल
भाऊ, दावे सोडा, बारीक अक्षर वाचा. दावे पन्नास वर्षं तेच राहतात; बदलतात ते किंमत, टपालखर्च आणि पत्ता.

व्हॅल्यू पेएबल पोस्ट आपल्याकडे १८७७ ला सुरू झालं, म्हणजे 'व्ही.पी.' छापलेला कागद त्याआधीचा नाही. पोस्टकार्ड १८७९ ला आलं, पाव आण्याला, आणि १९२२ ला ते अर्ध्या आण्यावर गेलं. 'पाव आण्याचं कार्ड टाका, सूचीपत्र फुकट' असा मजकूर असेल तर कागद या दोन सालांच्या मधला. १९०६ ला खानदेश जिल्ह्याचे दोन झाले, पूर्वचं ठाणं जळगाव आणि पश्चिमचं धुळे. त्यामुळे प्रशंसापत्राखाली 'जि. पू. खा.' किंवा 'प. खा.' असेल तर कागद १९०६ नंतरचा. नुसतं 'जि. खानदेश' असेल तर मात्र घाई करू नका. एक तर लोकांची सवय लगेच जात नाही, आणि दुसरं, कंपन्या तीच प्रशंसापत्रं वर्षानुवर्षं छापत. पत्त्यावरून 'याआधीचा नाही' एवढंच सिद्ध होतं. 'याच्या नंतरचा नाही' हे त्यातून कधीच निघत नाही. 'नवे पैसे' दिसले तर १ एप्रिल १९५७ नंतरचं, ते बाजूला काढा.

हँडबिलाच्या तळाशी छापखान्याचं नाव आणि गाव शोधा. १८६७ च्या कायद्यानं छापील मजकुरावर मुद्रकाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे ते बऱ्याचदा सापडतं. तोच छापखाना तारीख असलेल्या दुसऱ्या कागदावर मिळाला तर काम पुढे सरकतं. चित्र असेल तर आणखी एक खूण. मोठे जाहिरातदार ठशाचा ब्लॉक तयार करून छापखान्यांना देत. ब्लॉक वापरून झिजतो, कड तुटते, रेषेत फट पडते. एकाच ब्लॉकची तारखेची आणि बिनतारखेची छाप शेजारी ठेवून फटी जुळवा. जास्त तुटलेली छाप नंतरची. फोटो काढताना पट्टी ठेवा, नाहीतर लहानमोठे दोन वेगळे ब्लॉक एकच वाटतात. अनुस्वारांच्या नादी मात्र लागू नका. 'नाहीं', 'मुळें' असं १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपर्यंत सर्रास छापत होते.

फलकावर व्ही.पी.ची रीत जरूर समजावा, कारण अर्धा धंदा तिच्यावरच उभा होता. गिऱ्हाइकानं कार्ड टाकायचं, पोस्टमननं पार्सल आणायचं, आधी पैसे घ्यायचे आणि मगच पार्सल हातात द्यायचं. फोडून पाहायची सोय नाही. वसूल रक्कम मनीऑर्डरनं विकणाऱ्याकडे जायची. पार्सल नाकारलं तर ते परत जायचं आणि भुर्दंड विकणाऱ्याला, म्हणूनच 'पत्ता, पोस्ट, तालुका स्वच्छ लिहा' अशी काकुळती प्रत्येक जाहिरातीत दिसते. पारोळ्याच्या माणसाला जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या किंवा लाहोरची अमृतधारा गावच्या दुकानदाराला कळू न देता मिळायची. गुप्त रोगांची औषधं या वाटेनं इतकी का खपली, ते यात आलं.

आणि 'पेटंट' लिहिलंय म्हणून पेटंटच्या दप्तरात शोधू नका. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि यांचा सगळा जीव गुप्त कृतीत.

खलबत्ता
आत काय असायचं त्याबद्दल. सगळ्यांना एका मापानं मोजलं तर फलक चुकेल. तीन थर धरा.

पहिला, निरुपद्रवी आणि थोडाफार उपयोगी. अमृतधारेच्या जातीचा माल बघा. भीमसेनी नव्हे, साधा कापूर, पुदिन्याचं फूल (मेंथॉल) आणि ओव्याचं फूल (थायमॉल) समभाग एकत्र केलं की तीन कोरड्या वस्तूंचं थोड्या वेळात आपोआप तेल होतं. पाणी लागत नाही, आच लागत नाही. दोन-तीन थेंबांनी पोटातला वायू सरतो, कपाळाला लावलं तर गार वाटतं. गडबड दोन ठिकाणी: हेच थेंब कॉलऱ्यापासून विंचवापर्यंत सगळ्यावर चालतात असं छापायचे, आणि तान्ह्या मुलाला कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. विलायती गोळ्यांचंही तसंच. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९ ला छापलेल्या पृथक्करणात बीचमच्या गोळ्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण निघाला, म्हणजे साधं रेचक. डॉ. विल्यम्सच्या गुलाबी गोळ्यांत हिराकस, म्हणजे लोह. रक्त कमी असलेल्या बाईला त्यानं खरंच बरं वाटायचं.

दुसरा थर अफूचा. क्लोरोडाइन या विलायती थेंबांत अफूचं सत्त्व, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क. जुलाब थांबतात, खोकला थांबतो, वेदना थांबते, म्हणून लोकांचा विश्वास बसला तो उगाच नव्हे. पण कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं, आणि ते भरून काढायला या थेंबांत काहीच नाही. मुंबईच्या गिरणगावात लेकरांना देत त्या बाळागोळीतही अफूच. पोर निजायचं खरं, पण दूध मागायचंही विसरायचं.

तिसरा थर पाऱ्याचा आणि सोमलाचा (आर्सेनिकचा). गरमीवरच्या गोळ्यांत रसकापूर, हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचीच संयुगं. जास्त झालं की तोंड येतं, लाळ गळते, दात हलतात, आणि विकणारा त्यालाच 'विष बाहेर पडतंय' म्हणायचा. धातुपुष्टीच्या मालात कुचला हे विषारी बी. थोड्यानं भूक लागते, जास्तीनं अंग ताठतं.

लोकांना गुण का वाटायचा, यावर एक स्वतंत्र फलक करा. गरमीची पहिली जखम काही न करता तीन ते सहा आठवड्यांत भरते. रोग आत राहतो, श्रेय गोळीला. सातपुड्याच्या पायथ्याचा दिवसाआड येणारा हिवताप घ्या. आज हुडहुडी भरली की उद्या ताप नसतोच. 'एका दिवसात ताप गायब' हे वाक्य राखेच्या पुडीबद्दलही खरं ठरेल. तापाच्या बऱ्याच मिश्रणांत क्विनीन असायचंही, पण कमी. पूर्ण मात्रा म्हणजे १० ग्रेन दिवसातून तीनदा, आणि तीही बरेच दिवस. १ ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. बाटली दोन दिवसांत संपायची, ताप दबायचा आणि काही दिवसांनी उलटायचा. मग दुसरी बाटली. क्विनीनच्या भेसळीची आणि कमी मात्रेच्या औषधांची ओरड इतकी वाढली की १९३० ला सरकारला चोप्रा समिती नेमावी लागली.

कायद्याचं_पान
गिरणा_टपाल यांच्या यादीत कायद्याची सालं जोडतो. नावापुढे 'एम.डी. (अमेरिका)' छापाच्या पदव्यांची माळ असेल तर कागद बहुधा १९१६ च्या आधीचा. त्या साली खोट्या वैद्यकीय पदव्यांविरुद्ध कायदा झाला. पण तो पाश्चात्त्य वैद्यकापुरताच, त्यामुळे 'वैद्यराज', 'भिषग्रत्न' पुढेही बिनधास्त चालू राहिले. मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदवही १९१२ च्या कायद्यानं आली, वैद्य-हकिमांची १९३८ च्या.

लेबलवर घटकांची यादी नाही म्हणून बाटली १९४० च्या आधीची, असं बरेच संग्राहक धरतात. हे चूक आहे. १९४० च्या औषध कायद्यानं पेटंट औषधांना ती अट घातली, पण निव्वळ आयुर्वेदिक आणि युनानी औषधं त्या व्याख्येतूनच वगळली होती. ती कायद्यात आली १९६४ च्या दुरुस्तीनं. विलायती पद्धतीच्या मिक्श्चरला हा निकष लावा, आसव-अवलेहाला नको.

'ट्रेडमार्क रजिस्टर्ड' हेही तपासून घ्या. भारतात ट्रेडमार्कची नोंदवही १९४० च्या कायद्यानंतरची. त्याआधी मालक आपल्या खुणेचं जाहीरपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचे आणि वर्तमानपत्रात 'नकली मालापासून सावध' अशी नोटीस द्यायचे. नकला किती टिकायच्या बघा: अमृतधारा १९०१ पासूनची, लक्ष्मणधारा १९२३ पासूनची, आणि दोघांचं भांडण सुप्रीम कोर्टात मिटलं १९६२ ला. वशीकरणाच्या अंगठ्या आणि धातुपुष्टी एकाच रकान्यात दिसतात, त्यांना आळा घालणारा कायदा तर १९५४ चा. वर्तमानपत्रांना दोष देताना हेही लिहा, की जिल्ह्याच्या साप्ताहिकाची वर्गणी थकलेली असायची आणि रोख देणारा जाहिरातदार हाच.

पांझराकाठ
फार उपयोग झाला. एक बाटली गडद तपकिरी आहे, बूच शाबूत, आत पातळ काळपट द्रव, लेबलवर 'क्लोरो' एवढंच वाचता येतं. आणि एका डबीत लालसर भुकटी. धुऊन मांडू का?

खलबत्ता
ताई/दादा, धुऊ नका आणि उघडू नका. जुना क्लोरोफॉर्म हवा-उजेड लागून फुटतो आणि त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो, म्हणून बूच काढून वास घेणं सगळ्यात वाईट. बाटली उभी, काळ्या कागदात गुंडाळून, थंड जागी कुलपात ठेवा. प्रदर्शनात तिचा मोठा फोटो. लाल भुकटी हिंगूळ असू शकते. तापवली की पाऱ्याची वाफ निघते आणि धुतली की पारा मोरीत जातो. हातमोजे घालून डबी झाकणासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि मुलांचा हात पोचेल अशा मेजावर तर नकोच. विल्हेवाट लावायची असेल तर आधी कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला विचारा.

गिरणा_टपाल
कागदांचंही सांगतो. सेलोटेप अजिबात लावू नका, डिंक पिवळा पडून अक्षर खातो. मूळ पानं आम्लविरहित कागदात, मांडायला रंगीत प्रती. मूळच ठेवायचं असेल तर उजेड ५० लक्सच्या आत, काच कागदाला टेकू न देता. ताडून पाहायला साप्ताहिकांचे तारीख असलेले अंक हवेत तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारा. मुंबईच्या पुराभिलेखागारात देशी वृत्तपत्रांवरचे सरकारी साप्ताहिक अहवाल आहेत, त्यांत 'खानदेश वैभव'सारख्या पत्रांतल्या मजकुराचे उतारे सापडतील. पण त्या अहवालांत जाहिराती उतरवलेल्या नसतात, तेवढ्यासाठी मुंबईची खेप करू नका.