पावसानं रंकाळ्याच्या फेऱ्या सुटल्या, परत जम कसा बसवू?

रंकाळाकाठ (प्रश्न):
वय 44. मार्चमध्ये एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) 6.2 आलं. साखरेनं आईची नजर गेलेली मी घरात बघितलीय, त्यामुळं धसकाच घेतला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर. शालिनी पॅलेसवर कोवळं ऊन पडेतोवर माझं चालणं उरकलेलं असायचं. तीन महिन्यांत वजन 76 वरनं 72 वर आलं.

मग पाऊस लागला. बुटात रद्दी कोंबून ठेवली तरी ते वाळेनात. आठवडाभराची सुट्टी म्हणता म्हणता महिना गेला. आता गजर होतो, मी बंद करते आणि दिवसभर मनाला लागून राहतं. रविवारचा पांढरा रस्सा सुटणार नाही, बाकी सगळं करायची तयारी आहे. सकाळी उठायचं कसं, तेवढं सांगा.

लालमाती:
ताई, मी नऊ वर्षं तालमीत होतो. उठावंसं वाटतंय का, हे वस्तादांनी कधी विचारलं नाही. एखादा पोरगा दिसला नाही की दुसरा त्याला उठवायला जायचा. आखाडा उकरायच्या पाळ्या ठरलेल्या. आपण नाही गेलो तर आपल्या वाटणीचं खोरं जोडीदाराच्या हातात जायचं, त्या लाजेनं पाय निघायचे. एकट्यानं मलाही जमलं नसतं. सोबत बघा.

पेठेतली_लॅबवाली:
5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. इथनं मागं फिरता येतं, म्हणून चालणं सोडू नका. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, एका महिन्याच्या खंडानं आधीची मेहनत पुसली जात नाही. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालायचं, मग ते तुकड्यातुकड्यांनी का होईना. जेवल्यावर 10-15 मिनिटं चाललात तर स्नायू रक्तातली साखर वापरतात. धो धो पाऊस असेल तर घरातल्या घरात फेऱ्या मारा. रस्सा वाटीनं मोजून घ्या, भात निम्मा करा. डॉक्टरांना विचारून आता परत तपासून घ्या.

रंकाळाकाठ:
खोऱ्याचं वाचून समोरच्या वहिनींकडं गेले. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांनाही सोबत हवीच होती. रात्री जेवून दोघींनी बोळात 12 मिनिटं चक्कर मारली, छत्री घेऊन. उद्या साडेपाचला त्या खालून हाक मारणार आहेत. बूट पंख्याखाली ठेवलेत.