क्लोजरस्क्रिप्टमधून चार्ट डॉट जेएस: डेव्हला चालतं, रिलीजला रेघ जुनीच राहते, लायब्ररी बदलू का?

शाईपेन:
नमस्कार मंडळी. चार दिवस एकाच जागी अडकलेय म्हणून विचारते. भाषा क्लोजरस्क्रिप्ट (जावास्क्रिप्ट म्हणजे जेएसमध्ये रूपांतर होणारी क्लोजर भाषा), वर रिएजंट (रिअ‍ॅक्टवर बसणारी लायब्ररी), बिल्डला शॅडो हे साधन. सेन्सरचं तापमान लाइन चार्टवर दाखवायचंय. चार्ट डॉट जेएस या आलेख काढायच्या लायब्ररीची ४ ची आवृत्ती एचटीएमएलमध्ये स्क्रिप्ट टॅग टाकून घेतलीय. डेव्हमध्ये, म्हणजे कोड लिहिताना चालवतो त्या बिल्डमध्ये, सगळं झकास चालतं. रिलीज, म्हणजे लोकांना द्यायचा बिल्ड केला की पहिला चार्ट बरोबर येतो, पण "आठवडा" बटण दाबलं की खाली अक्षावरच्या तारखा बदलतात आणि रेघ मात्र आधीचीच राहते, कन्सोलमध्ये एकसुद्धा एरर नाही. माणसं हा आकडा बघून निर्णय घेणार आहेत आणि त्यांना चुकीच्या तारखांखाली चुकीची रेघ दिसतेय, याची मला खरंच भीती वाटते. डी-थ्री या दुसऱ्या चार्ट लायब्ररीवर जाऊ का? की चार्टचा भाग सरळ टाइपस्क्रिप्टमध्ये लिहू? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

कंसप्रेमी:
काहीही बदलायच्या आधी दोन गोष्टी सांगा. चार्टचं ऑब्जेक्ट कुठे ठेवलंय आणि अपडेट नेमकं कसं करता? आणि बिल्ड करताना पिवळ्या वॉर्निंग येतात का?

शाईपेन:
चार्ट एका अ‍ॅटममध्ये (बदलती किंमत ठेवायचा डबा) आहे. बटण दाबल्यावर तो डीरेफ करून, म्हणजे डब्यातलं काढून, त्याच्या डेटाच्या आत डेटासेट्सला डॉट-डॅश (जेएसची प्रॉपर्टी गाठायची खूण) लावून सेट करते, तसंच लेबल्सला, मग अपडेट कॉल करते. वॉर्निंग येतात हो, टार्गेटचा टाइप इन्फर करता येत नाही असं काहीतरी. पण डेव्हमध्ये चालत होतं म्हणून लक्ष दिलं नाही.

कंसप्रेमी:
मग सापडलं. आधी एक प्रयोग करा म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायची गरज पडणार नाही. रिलीज बिल्डमध्ये बटण दाबा आणि चार्टचं डेटा ऑब्जेक्ट कन्सोलमध्ये छापून उघडून बघा. तुम्हाला डेटासेट्स दिसेल, त्यात जुना डेटा असेल, आणि शेजारी दोन-तीन अक्षरांची एक अनोळखी की दिसेल, तिच्यात तुमचा नवा आठवड्याचा डेटा असेल.

आता हे का होतं. मराठीत लिहिताना दोन्ही क्लोजरच होतात म्हणून घोळ होतो, पण भाषा वेगळी आणि गूगलचा क्लोजर कम्पायलर वेगळा. भाषेतून निघालेला कोड रिलीजच्या वेळी या कम्पायलरमधून जातो आणि अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये तो प्रॉपर्टीची नावं कापून लहान करतो. तुमच्या कोडमधलं डेटासेट्स त्याने बदललं, पण स्क्रिप्ट टॅगने आलेली लायब्ररी त्याने पाहिलेलीच नाही, तिच्यात नाव पूर्णच आहे. ब्राउझरला माहीत नसलेल्या नावावर सेट केलं तर तो तक्रार करत नाही, गुपचूप नवी की बनवतो, म्हणून एरर नाही.

मग लेबल्स का वाचलं? कम्पायलरकडे ब्राउझरच्या स्वतःच्या नावांची यादी असते, तिला एक्सटर्न्स म्हणतात, आणि त्या यादीतलं नाव तो कुठेच बदलत नाही. फॉर्मच्या इनपुटला लेबल्स नावाची प्रॉपर्टी असते, डेटा आणि अपडेट ही नावंही ब्राउझरमध्ये आहेत, म्हणून ती तिन्ही सुटली, डेटासेट्स यादीत नाही म्हणून ते कापलं गेलं. पहिला चार्ट बरोबर आला कारण तिथे तुम्ही मॅपवर सीएलजे-टू-जेएस (क्लोजरचा डेटा जेएसचा करणारं फंक्शन) चालवलं असणार, त्यात कीवर्डच्या (मॅपमधल्या कोलन लावलेल्या नावांच्या) स्ट्रिंग होतात आणि स्ट्रिंगला कम्पायलर हात लावत नाही.

उपाय: जिथे जिथे चार्टचं ऑब्जेक्ट हातात येतं तिथे लेटमध्ये एक नाव द्या आणि त्या नावावर कॅरेट-जेएस हिंट (हे जेएसचं ऑब्जेक्ट आहे अशी कम्पायलरला खूण) लावा, म्हणजे त्याच्यावर वापरलेली नावं शॅडो राखून ठेवतो. लायब्ररीही एनपीएममधून (जेएस पॅकेजचं भांडार) रिक्वायर करा, शॅडो तिच्यातली नावं गोळा करून ठेवतो. घेताना चार्ट डॉट जेएसच्या आतलं ऑटो नावाचं घ्या, नाहीतर ३ च्या आवृत्तीपासून (२०२१) प्रत्येक तुकडा रजिस्टर करावा लागतो आणि लाइन हा रजिस्टर्ड कंट्रोलर नाही असा एरर येतो. आणि त्या पिवळ्या वॉर्निंग शून्यावर आणा. त्या नेमकं हेच सांगत होत्या.

अक्षरेषा:
वरचं बरोबरच आहे पण लायब्ररी बदलायचा प्रश्नही रास्त आहे म्हणून माझा अनुभव सांगतो. डी-थ्रीवर गेलात तर ही अडचण सुटत नाही, उलट वाढते, कारण तिथे पावलोपावली मेथड कॉल आहेत आणि डॉम, म्हणजे पानाची रचना, कोणाचा, रिअ‍ॅक्टचा की डी-थ्रीचा, हे भांडण वेगळंच. बदलायचंच असेल तर वेगा-लाइट बघा, त्यात अख्खा चार्ट म्हणजे एक जेसन असतो, क्लोजरच्या मॅपमध्ये लिहायचा आणि बदलून द्यायचा, प्रॉपर्टीला डॉट लावायची वेळच फार येत नाही. या भाषेच्या स्वभावाला ते फार जुळतं. आणि चार्ट छोटा असेल, ५०-६० बिंदू, तर मी लायब्ररीच घेत नाही, हिकअपमध्ये (क्लोजरच्या व्हेक्टरमध्ये एचटीएमएल लिहायची पद्धत) एसव्हीजीची पॉलीलाइन काढतो. तुमच्याकडे टूलटिप, झूम असेल तर चार्ट डॉट जेएसच ठेवा.

शाईपेन:
प्रयोग केला. खरंच होती! डेटासेट्सच्या खाली दोन अक्षरांची की आणि तिच्यात अख्खा आठवडा. चार दिवस डेटा तिथेच पडून होता. हिंट लावली, एनपीएमवर आणलं, रेघ हलली, वॉर्निंग १७ होत्या त्या शून्य केल्या. मनापासून धन्यवाद.

आता दोन गोष्टी उरल्यात. पान बदलून परत आलं की कॅनव्हास (चार्ट ज्यावर काढला जातो तो एचटीएमएल घटक) आधीच वापरात आहे असा एरर येतो. आणि महिन्याचा डेटा, साधारण ४३ हजार बिंदू, घेतला की बटण दाबल्यावर सगळं गोठतं. टाइपस्क्रिप्टमध्ये गेले तर वेग येईल का?

कंसप्रेमी:
पहिलं सोपं आहे. कम्पोनंट अनमाउंट होताना, म्हणजे पानावरून निघताना, चार्टवर डिस्ट्रॉय कॉल करा. रिएजंटमध्ये क्रिएट-क्लास वापरून तीन जागा ठरवून टाका: माउंट झाल्यावर चार्ट बनवायचा, अपडेट झाल्यावर फक्त डेटा बदलायचा, अनमाउंटला मोडायचा. आणि चार्ट ठेवलेला अ‍ॅटम रिएजंटचा नको, साधा क्लोजरचा हवा. रिएजंटच्या अ‍ॅटमला रेंडर बघत बसतो, चार्ट त्यात टाकला की उगाच पुन्हा रेंडर.

वेगाचं: भाषा बदलून फरक पडेल असं मला वाटत नाही, आधी मोजा. सीएलजे-टू-जेएसच्या आधी आणि नंतर वेळ घ्या. प्रत्येक क्लिकला ४३ हजार छोटे मॅप आणि त्यातला प्रत्येक कीवर्ड तो फिरून बदलतो, मोठा वेळ बहुतेक तिथेच जातो. सर्व्हरवरून आलेला जेसन मुळात जेएसच असतो, त्याचं क्लोजरमध्ये रूपांतर करून मग परत जेएस करण्यात दोन फेऱ्या वाया जातात. तो डेटा जेएस अ‍ॅरे म्हणूनच चार्टला द्या. फक्त सेटिंगचा छोटा मॅप रूपांतरित करा.

अक्षरेषा:
यात माझी भर. बिंदू एक्स आणि वाय असलेल्या ऑब्जेक्टच्या रूपात, एक्सच्या क्रमाने लावून द्या, म्हणजे पार्सिंग (आलेला डेटा चार्टच्या आतल्या रूपात बदलणं) फॉल्स करता येतं. एक्समध्ये तारीख असेल तर ती मिलिसेकंदांचा आकडा म्हणून द्या, पार्सिंग बंद असताना स्ट्रिंग चालत नाही. अ‍ॅनिमेशन बंद करा. मग डेसिमेशन (बिंदू गाळून कमी करणारा) प्लगइन चालू करा, तो चार्ट डॉट जेएसमध्येच आहे, लाइन चार्टवर आणि लिनिअर किंवा टाइम अक्षावरच चालतो. त्यात दोन पद्धती आहेत. एलटीटीबी कमी बिंदूंत रेघेचा आकार राखतो, पण तुम्ही तापमान बघताय, एखादा क्षणिक चढ हरवला तर चालणार नाही, म्हणून मी मिन-मॅक्स (तुकड्यातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा राखणारी पद्धत) घेईन. टाइम अक्ष घेतलात तर तारखेचा अ‍ॅडाप्टर वेगळा घ्यावा लागतो, तो नसेल तर मेथड इम्प्लिमेंट केलेली नाही असा एरर येतो.

शाईपेन:
क्लोजरमधली फेरी काढली, फरक लगेच जाणवला, डेसिमेशनने उरलेलं सुटलं. मिन-मॅक्सच ठेवलं. आता अक्ष शून्यापासून सुरू होत नाहीये, बिगिन-अ‍ॅट-झीरो ट्रू दिलंय तरी.

कंसप्रेमी:
कीवर्डमध्ये हायफन टाकलेत का? सीएलजे-टू-जेएस हायफन काढून मोठं अक्षर करत नाही, हायफन तसाच जातो, आणि चार्ट डॉट जेएस अनोळखी ऑप्शन मुकाट्याने सोडून देतो. कीवर्ड लायब्ररीच्याच स्पेलिंगमध्ये लिहा. आणि उदाहरण जुन्या २ च्या आवृत्तीचं असेल तर त्यात वाय-अ‍ॅक्सेस नावाचा अ‍ॅरे असतो, ३ पासून स्केल्सच्या आत नुसतं वाय. तेही तपासा.

शाईपेन:
दोन्ही होतं! हायफनही आणि जुना अ‍ॅरेही. झालं. आता टूलटिप तेवढं रिलीजला अनडिफाइंड दाखवतंय, पण हे कळलं बहुतेक, टूलटिपच्या कॉलबॅकला (चार्ट स्वतः बोलावतो त्या फंक्शनला) येणारा कॉन्टेक्स्ट पण जेएसचाच ना, त्याच्यावर हिंट नाहीये.

कंसप्रेमी:
बरोब्बर, तेच. आणि कॉलबॅकमधून एकापेक्षा जास्त ओळी द्यायच्या असतील तर क्लोजरचा व्हेक्टर देऊ नका, जेएस अ‍ॅरे करून द्या. पुढच्या वेळी अशी शंका आली तर शॅडोच्या रिलीजला डीबग हा फ्लॅग लावा, मग कापलेली नावं दोन डॉलर चिन्हांच्या मध्ये ओळखू येतील अशी छापतो, कन्सोलमध्ये लगेच दिसतं कोणतं नाव गेलं ते.