सावलीला ‘अमूर्त’ म्हणावे की ‘निराकार’?

प्रश्न :
एका अनुवादात भिंतीवर हलणाऱ्या सावलीसाठी मी ‘अमूर्त’ हे विशेषण योजले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘निराकार’ केले. सावलीला आकार तर स्पष्टच असतो, तिच्यात नसते ते द्रव्य. मग ‘निराकार’ कसे चालेल?

प्रतिसाद १ :
आपली शंका योग्य आहे. ‘मूर्त’ हा शब्द संस्कृतातील ‘मूर्च्छ्’ या धातूपासून आला असून त्या धातूचा एक अर्थ गोठणे, घट्ट होणे असा आहे. म्हणजे घट्टपणाची कल्पना आधीची आणि आकाराची त्यामागून आलेली. बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे सांगताना वायू व अंतरिक्ष यांना अमूर्तात घातले आहे. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी मात्र पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन ही ५ द्रव्ये मूर्त मानली, कारण त्यांच्या लेखी मूर्तत्व म्हणजे मर्यादित परिमाण असणे. आकाश, काल, दिशा व आत्मा हे सर्वव्यापी, म्हणून अमूर्त. एकच वायू एकीकडे अमूर्त आणि दुसरीकडे मूर्त ठरतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘निराकार’ला यांपैकी कोणताच अर्थ नाही, तो केवळ आकार नाकारतो.

प्रतिसाद २ :
व्युत्पत्ती मान्य आहे. तरीही आजच्या वाचकाला ‘अमूर्त’ म्हटले की न्याय, स्वातंत्र्य अशा केवळ विचाराने कळणाऱ्या कल्पना किंवा अमूर्त चित्रकला आठवते, आणि हिशेबाच्या भाषेत पेटंटसारखा हक्क ही ‘अमूर्त मालमत्ता’ असते. सावली तर डोळ्यांना दिसते. ‘अशरीरी’ हा शब्द वाणीला किंवा आत्म्याला शोभतो. ‘विदेही’ मुळीच नको. जनकाला विदेही म्हणतात ते देह असतानाही देहभाव सुटला म्हणून.

प्रश्नकर्ता :
मग ‘वायवी’ चालेल का? किंवा सरळ ‘हाती न लागणारी सावली’ असे लिहू?

प्रतिसाद २ :
‘वायवी’ला समीक्षेत वास्तवाचा आधार नसल्याचा, काहीसा नापसंतीचा रंग चढला आहे. ‘हाती न लागणारी’ म्हटल्यास ती निसटून जाते, पकडता येत नाही, असा अर्थ होईल. आपल्याला स्पर्शाविषयी बोलायचे आहे, म्हणून ‘हाताला न लागणारी सावली’ असे लिहावे.